अर्धरेषा

पेंधर मेट्रो स्टेशनच्या जिन्यावरून उतरतेस तेव्हा साडेपाच वाजून गेलेत. एमआयडीसीतले ट्रेलर रस्त्यावर खोळंबलेत, हवेत तळोज्याचा तो रसायनांचा उग्र दर्प. पाठीवरच्या बॅगेत बूट, नी-कॅप आणि अपुरं जर्नल. उद्या आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल सामना आहे आणि पनवेलच्या तुझ्या कॉलेजची पॉइंट गार्ड, चेंडू पुढे नेणारी, तू आहेस. सेक्टरमधल्या सिमेंटच्या कोर्टवर चेंडू आपटत अर्धरेषेकडे निघतेस. पुसट झालेली ती पांढरी रेघ ओलांडायला तुला आठ सेकंद मिळतात.

रेघेवर पाय पडतो आणि टप्प्यांचा आवाज थांबतो.

डिसेंबर १८९१. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेतली व्यायामशाळा. बाहेर कडाक्याची थंडी. सज्जाच्या कठड्याला पीचची एकेक टोपली ठोकलेली, एका बाजूला ९ जण, हातात फुटबॉलचा चेंडू. शिक्षक जेम्स नाइस्मिथ यांचे १३ नियम भिंतीवर डकवलेत. तिसऱ्या नियमापाशी तुझी नजर अडते: चेंडू घेऊन पळायचं नाही, जिथे झेलला तिथूनच फेकायचा. म्हणजे ड्रिबल नाही. तुझी जागा या खेळात अजून जन्मलीच नाही.

पुढच्या पावलाला मार्च १८९३. नॉर्थॅम्प्टनचं स्मिथ कॉलेज. पुरुषांना आत यायला बंदी आहे, तू मात्र दारातून आत शिरतेस. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मुली समोरासमोर आहेत. त्यांच्या शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी मैदानाचे तीन भाग केलेत आणि कुणीही आपला भाग सोडून जायचा नाही. मुलींना फार दमणूक नको, ही त्या काळची काळजी. एक मुलगी चेंडू घेऊन रेषेपर्यंत येते आणि थबकते. पलीकडचं सगळं तिला दिसतंय. तिचे खांदे पुढे झुकलेत, पाय मात्र जागच्या जागी. तिच्यापाशी तू जास्त वेळ थांबतेस. तुला तिला हाताला धरून ओढून न्यावंसं वाटतं.

मग एकदम घामाचा वास, अंगाला चिकटणारी मुंबईची हवा, कडेला गर्दी. १९७०, नागपाडा. इथल्या नेबरहुड हाउस या समाजकेंद्राचा पाया अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी घातला. दाटीवाटीच्या चाळींमधल्या या वस्तीला बास्केटबॉलचं वेड आहे. इथेच घडलेल्या अब्बास मुंतसीर यांना यंदा अर्जुन पुरस्कार मिळालाय. कोर्टवर तीन गुणांची रेषा नाही, ती १९८४ मध्ये येईल. बास्केटकडे चेंडू फेकायला ३० सेकंद. कोपऱ्यात एक पोरगा चेंडू खाली आपटतोय, पण मान वर. तो चेंडूकडे बघतच नाही. तासभर तू फक्त त्याची मान बघतेस. तुझे कोच रोज ओरडून सांगतात ते हेच, पण डोळ्यांनी तू ते आत्ता पाहिलंस.

पदवीची तीन वर्षं, म्हणजे तीन हंगाम. त्यातलं दीड वर्ष गेलं. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर पुढे विद्यापीठांमधली अश्वमेध स्पर्धा, सरकारी नोकरीत खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, कदाचित रेल्वे. घरी आई हा हिशेब रोज मांडते, आणि तो चुकीचा नाही. पण स्कोअरशीटवर तुझ्या नावापुढे गुण थोडेच असतात. गुण जिच्या नावावर पडतात तिच्या हातात चेंडू पोहोचवायचा, हे तुझं काम, आणि मला ते या खेळातलं सगळ्यात मोलाचं काम वाटतं.

सिमेंटवर पुन्हा टप्पा पडतो. डोक्यावरून मेट्रो धडधडत जाते. समोर तुझ्याच संघातली उंच सेंटर हात पसरून आडवी उभी, कोच घड्याळ बघत मोजतायत. पाच. सहा. मान वर ठेवतेस. उजव्या कडेने कुणीतरी सुटलंय, बुटांचा आवाज येतोय. सात. पाय रेघेपलीकडे पडतो आणि चेंडू तुझ्या हातून निघालेला असतो.