बीडहून अंदमानला निघताय? बॅग भरण्याआधी हे वाचा

‘मान्सून अंदमानात दाखल’ ही बातमी आली की बीड जिल्ह्यात पेरणीच्या गप्पा सुरू होतात. अंदमानला फिरायला जाणाऱ्यांसाठी मात्र हीच बातमी इशारा असते, कारण तिथली सहल समुद्राच्या मर्जीवर चालते. म्हणूनच तयारी करताना कपड्यांच्या आधी तारखा बघायच्या.

कधी जायचं?

मान्सून अंदमानच्या समुद्रात साधारणपणे मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात पोहोचतो. २०२५ मध्ये तर तो १३ मे रोजीच पोहोचला होता. दिवाळीच्या सुट्टीतही तिथे ईशान्य मान्सूनचा पाऊस पडू शकतो आणि बंगालच्या उपसागरात वादळं येतात. जानेवारी ते एप्रिल हा काळ त्यातल्या त्यात निर्धास्त.

तिकिटं कशी काढायची?

बीडला विमानतळ नाही. आधी छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठायचं आणि पुढे चेन्नई, कोलकात्यासारख्या शहरात विमान बदलायचं. शेवटी उतरायचं श्री विजयपुरमला, म्हणजे पोर्ट ब्लेअरला. हे नाव २०२४ मध्ये बदललं. हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप २०१८ मध्येच झालं. बुकिंग करताना दोन्ही नावं दिसतील, गोंधळू नका.

या दोन्ही बेटांवर बोटीने जावं लागतं. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. त्यामुळे परतीच्या विमानाच्या आदली रात्र श्री विजयपुरममध्येच काढा. नाहीतर एक बोट रद्द झाली की अख्ख्या कुटुंबाची विमान तिकिटं वाया जाऊ शकतात.

परवाना लागतो का?

अंदमानच्या नेहमीच्या पर्यटनस्थळांसाठी भारतीयांना लागत नाही. लक्षद्वीपसाठी मात्र भारतीयांनाही प्रवेश परवाना काढावा लागतो. लहान मुलांसह सगळ्यांची मूळ ओळखपत्रं जवळ ठेवा.

बॅगेत काय हवं?

- कपडे: पातळ आणि लवकर वाळणारे. तिथल्या दमट हवेत जीन्स लवकर वाळत नाही. टोपी, रेनकोट आणि न घसरणाऱ्या सँडल घ्या.
- औषधं: बीपी, शुगरच्या गोळ्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा. बोट लागण्यावरची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या. ती बोटीत बसण्याआधी घ्यायची असते.
- पॉवर बँक: फक्त हातातल्या बॅगेत. चेक-इन बॅगेत चालत नाही.
- खाणं: धपाटे हातातल्या बॅगेत चालतील. लोणचं, ठेचा आणि तिखट नीट बांधून चेक-इन बॅगेत टाका. सुकं खोबरं घरीच ठेवा. ते लवकर पेट घेतं म्हणून विमानात नेऊ देत नाहीत.
- रोख पैसे: छोट्या बेटांवर नेटवर्क दगा देतं, मग फोनवरून पैसे जात नाहीत.
- प्लॅस्टिकची पिशवी: फोन आणि कागदपत्रं कोरडी ठेवायला.

दिवस कसा आखायचा?

अंदमान बीडच्या बरंच पूर्वेला आहे, पण घड्याळ एकच. त्यामुळे सूर्य तिथे साधारण तासभर आधी उगवतो आणि मावळतो. डिसेंबरमध्ये संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो. फिरायला पहाटेच निघा.

परत येताना काय आणू नये?

किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा, मेलेला असला तरी, उचलू नका. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासलं जातं. शिंपल्यांच्या वस्तू घेतल्या तर दुकानाची पावती जपून ठेवा. जारवा आदिवासींचे फोटो किंवा व्हिडिओ काढणं हाही गुन्हा आहे. रील मोजकीच मिळाली तरी चालेल, पण सहलीच्या शेवटी पोलीस ठाण्याची फेरी नको.