ऐकण्याच्या वहीची कुळकथा

ख्रिस्ती प्रार्थना म्हटली की स्तुती, पापांगीकार, उपकारस्मरण आणि मागणे एवढेच सामान्यतः डोळ्यांसमोर येते. परंतु आपले सर्व बोलणे आवरून, देव काय सांगतो ते ऐकत स्वस्थ बसणे हाही तिचा एक अतिप्राचीन प्रकार असून, त्याचे मूळ जुन्या करारातील शिलो येथील मंदिरापर्यंत जाऊन पोहोचते. तेथे रात्री निजलेल्या बालक शमुवेलाला हाक ऐकू आली, तेव्हा ती आपल्या वृद्ध गुरूचीच असावी असे समजून तो तीन वेळा एलीकडे धावत गेला, आणि हाक मारणारा कोण हे अखेर दृष्टी मंदावलेल्या त्या म्हाताऱ्याने ओळखले. ऐकणारा एक आणि ओळखणारा दुसरा, ही गोष्ट मला त्या कथेत सर्वांत मोलाची वाटते. कारण मौनात ऐकू आलेल्या शब्दाची शहानिशा कोणी व कशी करावी, हा प्रश्न या प्रार्थनेच्या पाठीस तेव्हापासून लागला आहे.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात जे तपस्वी जाऊन राहिले, त्यांनी मौनाची साधना पराकोटीस नेली. पण त्याचबरोबर मनात उठणारा प्रत्येक विचार वडीलधाऱ्या तपस्व्यापुढे उघड करावा, असा शिरस्ताही घालून दिला. तो का घातला, याचा एक दारुण दाखला त्यांच्यात राहून आलेल्या जॉन कॅसियनने नमूद करून ठेवला आहे. हेरॉन नावाचा तपस्वी पन्नास वर्षे एकांतात राहिला, इतका की पुनरुत्थानाच्या सणालाही तो बंधुजनांच्या पंक्तीला येईना. आणि एके दिवशी, देवदूत समजून ज्याचे त्याने ऐकले त्याच्या सांगण्यावरून, आपल्या पुण्याईने आपल्याला इजा होणार नाही अशा खात्रीने त्याने खोल विहिरीत उडी घेतली. बंधूंनी त्याला अर्धमेला बाहेर काढला. तिसऱ्या दिवशी तो गेला, तरी आपण फसलो हे त्याने अखेरपर्यंत मानले नाही. पन्नास वर्षांच्या तपश्चर्येचा असा शेवट वाचताना आजही मन विषण्ण होते.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सच्या अनुयायांनी, म्हणजे क्वेकर मंडळींनी, उपदेशक आणि वेदी दोन्ही बाजूला सारून सामुदायिक मौनालाच उपासनेचे रूप दिले. पण एकट्याने ऐकलेले इतरांनी तपासावे लागते, हा धडा त्यांनाही रक्त सांडूनच शिकावा लागला. 1656 साली जेम्स नेलर हा त्यांचा नामांकित वक्ता, येशूच्या यरुशलेमप्रवेशाची आठवण व्हावी अशा थाटात, भर पावसात घोड्यावरून ब्रिस्टल शहरात शिरला; पार्लमेंटने त्याला ईश्वरनिंदेबद्दल फटके मारविले, कपाळी डाग दिला आणि तापल्या लोखंडाने त्याची जीभ भोसकविली. त्यानंतरच्या दशकात फॉक्सने मासिक सभांची जी घडी बसविली, तिच्यामुळे एकट्याला झालेली प्रेरणा समूहापुढे मांडून तपासण्याची रीत दृढ झाली.

ज्या वहीची ही कुळकथा, ती मात्र पुष्कळ अलीकडची. फ्रँक बुकमन हा अमेरिकन लुथरन पाळक 1909 पासून पेनसिल्व्हेनियातील एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांमध्ये काम करीत असता, एफ. बी. मायर या इंग्रज उपदेशकाने त्याला विचारले की, तुझ्या या सगळ्या धावपळीत पवित्र आत्म्याच्या मार्गदर्शनाला जागा किती? तो प्रश्न त्याला झोंबला, आणि पहाटे पाच ते सहा हा तास त्याने केवळ ऐकण्यासाठी राखून ठेवला. त्या वेळी मनात येईल ते, मग ती कोणाची मागावयाची क्षमा असो, फेडावयाचे देणे असो, की लिहावयाचे राहून गेलेले पत्र असो, पेन्सिलीने वहीत टिपून ठेवण्याची पद्धत त्याच्या अनुयायांत रूढ झाली. टिपलेले लगेच हुकूम मानावयाचे नव्हते. प्रामाणिकपणा, शुद्धता, निःस्वार्थता आणि प्रेम ही चार मापे, जी रॉबर्ट स्पीअर या अमेरिकन धर्मलेखकाने 1902 मध्ये येशूच्या शिकवणीतून काढली होती, ती लावून आणि सोबत्यांना वाचून दाखवून मगच त्याचा निवाडा करावयाचा. विसर पडू नये म्हणून वही, असे कोणी म्हणेल; मला तिचे खरे मोल निराळे वाटते. मनातला विचार कितीही फिरविता येतो, पण कागदावर उतरलेला विचार दुसऱ्याच्या नजरेस पडू शकतो, आणि एकदा नजरेस पडला की त्याला सोयीस्कर वळण देणे कठीण जाते.

पुढे ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ म्हणून गाजलेल्या या चळवळीवर टीका कमी झाली नाही. डरहॅमचे बिशप हेन्सली हेन्सन यांनी तिच्यावर कठोर टीका केली, आणि क्षुल्लक बाबतींतही ईश्वरी आज्ञेचा हवाला देणाऱ्या भक्तांपुरती अशी टीका मला रास्तच वाटते. तरीही 1935 साली अमेरिकेत अॅक्रन येथे दोन मद्यासक्त गृहस्थांनी जी व्यसनमुक्तीची संघटना उभी केली, तिने अंतर्मुख होण्याची शिस्त याच मंडळींकडून उचलली. 1938 मध्ये चळवळीने ‘नैतिक पुनःशस्त्रीकरण’ हे नाव घेतले; आणि साठच्या दशकाच्या अखेरीस राजमोहन गांधी यांच्या पुढाकाराने आपल्या पाचगणीस ‘एशिया प्लॅटो’ हे तिचे केंद्र उभे राहिले. तेथे हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सनदी अधिकारी आणि कारखान्यांतले कामगार शिबिरासाठी एकत्र येतात, वही घेऊन काही वेळ निःशब्द बसतात, आणि नंतर ज्याला वाटेल तो आपले टिपण इतरांपुढे वाचतो.