इमारतीचे प्रगतिपुस्तक

सहामाही परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा पिशवीत घालून मास्तर दिवाळीच्या सुट्टीला घरी येतो. एका हाताला फराळाचे ताट आणि दुसऱ्या हाताला तो गठ्ठा, अशी आमची दिवाळी. गेली वीस वर्षे मी हे गठ्ठे वाहत आहे. जूनमध्ये नव्या कोऱ्या वह्या, सुबक अक्षर आणि पहिल्या चाचणीत पैकीच्या पैकी गुण मिळवणारा मुलगा एप्रिलमध्ये त्याच जागी असेलच, असे कोणी सांगू शकत नाही, एवढे एक ज्ञान मला त्यातून मिळाले. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेले नाही. तेव्हा इमारतींच्या शास्त्रावर बोलण्याचा अधिकार मला नाही. पण परीक्षा घेणे हा माझा धंदा आहे, आणि परीक्षेविषयी मी दोन शब्द बोललो तर वाचक रागावणार नाहीत, असे वाटते.

निमित्त असे घडले. एका विद्यार्थ्याच्या जन्मतारखेच्या दुरुस्तीसाठी मला एका नगरपालिकेच्या कचेरीत जावे लागले. गावाचे नाव सांगत नाही. असे गाव एकच असते तर मी हा लेख लिहिला नसता. इमारत नवी, देखणी. दर्शनी भिंतीवर पितळी पाटी होती आणि ही वास्तू ‘हरित’ असल्याची ग्वाही त्या पाटीवर कोरली होती. आत भर दुपारी दिवे जळत होते. खिडक्यांना मोठमोठ्या काचा होत्या, आणि उन्हाचा ताप नको म्हणून त्या काचांवर आतून जुनी वर्तमानपत्रे चिकटवली होती. गच्चीवरच्या सौर तक्त्यांवर धुळीचा थर होता. पावसाचे पाणी जमिनीत मुरवणारा नळ मधेच तुटून पाणी भिंतीवर ओघळले होते. मी शिपायाकडे चौकशी केली, तेव्हा तो भला माणूस म्हणाला, “गुरुजी, पाटी लागली त्या दिवशी सगळं चालू होतं बघा.”

हे वाक्य घेऊन मी घरी आलो.

या पाट्यांचाही एक लहानसा इतिहास आहे. इमारत बांधताना आणि वापरताना वीज, पाणी, माती, लाकूड यांची किती उधळपट्टी होते याचा हिशेब मांडून तिला गुण देण्याची पद्धत इंग्लंडात १९९० साली सुरू झाली. अमेरिकेतल्या हरित इमारतींच्या परिषदेने १९९८ मध्ये आपली ‘लीड’ नावाची गुणपत्रिका काढली. आपल्याकडे २००१ मध्ये अशीच परिषद स्थापन झाली, आणि हैदराबादेतल्या गोदरेज यांच्या नावाच्या हरित केंद्राला त्या अमेरिकन गुणपत्रिकेतली सर्वांत वरची श्रेणी मिळाली. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी २००४ मध्ये त्या केंद्राचे उद्घाटन केले. पुढे दिल्लीच्या ‘टेरी’ संस्थेने आणि केंद्र सरकारच्या अक्षय ऊर्जेच्या मंत्रालयाने मिळून आपल्या हवामानाला जुळणारी देशी पद्धत तयार केली. २००७ मध्ये ती राष्ट्रीय पद्धत म्हणून स्वीकारली गेली. इंग्रजी आद्याक्षरे जुळवून तिला ‘गृह’ असे घरगुती नाव दिले आहे. तीत एकापासून पाचपर्यंत तारे मिळतात. आपल्या पिंपरी-चिंचवडच्या महापालिकेने अशा इमारतींना सवलती देऊन बांधणाऱ्यांना त्या वाटेला लावले. दिल्लीत पर्यावरण मंत्रालयाचे इंदिरा पर्यावरण भवन २०१४ मध्ये उभे राहिले. त्याच्या छपरावर ९३० किलोवॅटची सौर यंत्रणा बसवली आहे, आणि लागेल तेवढी वीज स्वतःच निर्माण करावी हा त्या वास्तूचा संकल्प आहे.

हे सर्व चांगलेच आहे, आणि मी त्याची थट्टा करणार नाही. परंतु कॅनडातील काही संशोधकांनी २००९ मध्ये एक काम केले, ते मला मास्तर म्हणून फार आवडले. अमेरिकन प्रमाणपत्र मिळालेल्या शंभर इमारतींची खरीखुरी ऊर्जेची बिले त्यांनी तपासली आणि प्रत्येकीशेजारी तिच्यासारखीच एक साधी इमारत ठेवून पाहिली. सरासरीने हरित इमारतींनी १८ ते ३९ टक्के ऊर्जा वाचवली होती. म्हणजे वर्गाचा निकाल उत्तम! पण एकेका मुलाची वही उघडली, तेव्हा २८ ते ३५ टक्के हरित इमारती आपल्या साध्या जोडीदारणीपेक्षा अधिक ऊर्जा खात असल्याचे दिसले. आणि वरच्या श्रेणीचे प्रमाणपत्र असले म्हणजे बचतही जास्त, असे काही आढळले नाही. कारण उघड आहे. प्रमाणपत्र बरेचसे नकाशावर आणि अंदाजावर दिले जाते. बिल मात्र माणसांच्या वागण्यावर येते.

आता आपल्या मुलखाकडे वळू. आमच्या साताऱ्याच्या उत्तरेला, पुण्याच्या रस्त्यावरून आत वळले की लिंब नावाचे गाव लागते. तिथली बारा मोटांची विहीर पाहायला शाळांच्या सहली जातात. वीरूबाई भोसले यांनी ती शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात बांधवली. खोली ११० फूट, व्यास ५० फूट. पण मुलांना ओढ असते ती विहिरीच्या पोटातल्या महालाची. वैशाखाच्या उन्हात पायऱ्या उतरून त्या महालात गेले की अंगावर गारवा येतो. वर मोटा चालत, त्यांचे पाणी आमराईला जाई, आणि मधल्या दालनात बसायला गार जागा मिळे. एकाच बांधकामातून शेतीही भिजली आणि दालनही थंड राहिले. त्यासाठी कोणतेही यंत्र लागले नाही, आणि तीनशे वर्षांनंतर आजही तो गारवा कोणालाही पडताळून पाहता येतो.

साताऱ्याच्या पाण्याची गोष्टही अशीच आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शाहू महाराजांनी शहर वसवले आणि यवतेश्वराच्या डोंगराकडून पाणी खाली आणले. पुढे प्रतापसिंह महाराजांच्या कारकिर्दीत महादऱ्याच्या तळ्यातून खापरी नळांनी पेठापेठांतल्या हौदांत पाणी खेळू लागले. १८४८ मध्ये राज्य खालसा झाले, १८५३ मध्ये नगरपालिका आली, आणि एकोणिसाव्या शतकातच पश्चिमेकडे सुमारे पंचवीस किलोमीटरवर असलेल्या कासच्या तलावाचे पाणी डोंगरकडेने पाट काढून शहरात आणले गेले. तलाव उंचावर आणि शहर सखल, म्हणून पाणी आपल्या पायांनी चालत आले. पंपाची आणि विजेची गरज पडली नाही. मागे त्या उघड्या पाटाच्या जागी बंद नळ घातले, आणि अलीकडे तलावाची उंचीही वाढवली. डोंगराचा उतार मात्र तोच आहे आणि तो बिल पाठवत नाही.

इथे ‘पूर्वीचे लोक शहाणे आणि आपण वेडे’ असे म्हणून टाळ्या घेण्याचा मोह होतो. पण तो इतिहास नव्हे. तेच साताऱ्याचे हौद पाहा. घरोघर नळ आले, हौदावर जाणारी माणसे कमी झाली, आणि त्यांतले कित्येक गाळाने आणि कचऱ्याने भरून गेले. बांधणाराने काही चूक केली नव्हती. खापरी नळ साफ करणारा माणूस, हौदाचा गाळ उपसणारा माणूस, कासच्या पाटावर फिरून पालापाचोळा काढणारा माणूस, यांच्यामुळे ती व्यवस्था चालत होती. तो माणूस गेला आणि उत्तम दगडी काम असूनही हौद मेला. मंगळवार तळे, मोती तळे यांचा गाळ काढण्याचा विषय म्हणूनच पुनःपुन्हा निघतो. जुन्या वास्तूला पितळी पाटी नव्हती, पण तिला राखणारा होता. आजच्या वास्तूला पाटी आहे. राखणाऱ्याची जागा रिकामी आहे किंवा त्याला काय राखायचे ते कोणी शिकवलेले नाही.

आता कृष्णेच्या काठाने खाली सांगलीला चला. तिथे आणखी एक प्रश्न उभा राहतो. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी सांगलीत नदीकाठी गणपतीचे मंदिर बांधले, तेव्हा भराव घालून आधी जागा उंच करून घेतली. नदीशेजारी राहायचे तर पहिला सवाल जोत्याच्या उंचीचा, हे त्यांना ठाऊक होते. २००५ च्या पुराने आणि त्याहून भयंकर अशा ऑगस्ट २०१९ च्या पुराने तो सवाल सर्वांनाच विचारला. २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्या दिवसांत सांगलीच्या किती घरांतले धान्य, किती मुलांची पुस्तके पाण्याखाली गेली, हे तिथल्या वाचकांना मी सांगायला नको. २०२१ मध्ये पाणी पुन्हा आले. अशा गावात एखाद्या कचेरीने पाच तारे मिळवले आणि तिचे विजेचे मीटर, बॅटऱ्या व दप्तर तळमजल्यावर ठेवले, तर पहिल्या मोठ्या पुरात त्या पाचही ताऱ्यांचा निकाल लागेल. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एक महापालिका १९९८ मध्ये झाली. एवढ्या मोठ्या वस्तीला संकटाच्या वेळी जन्माचा दाखला, पाणी, औषध जिथून मिळायचे ती वास्तू कोरडी आणि चालू राहणे, हे हरितपणाचे पहिले कलम असले पाहिजे.

सांगलीकरांजवळ एक गोष्ट अशी आहे, की ती सर्व महाराष्ट्राने उसनी घ्यावी. १९२९ मध्ये बांधलेल्या त्या आयर्विन पुलावर पाण्याच्या पातळीची मोजपट्टी आहे. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. पावसाळ्यात सांगलीत दोन माणसे भेटली की ‘किती फूट?’ एवढेच विचारतात. भाजीवालीला तो आकडा माहीत असतो, कलेक्टरांना माहीत असतो, तिसरीतल्या पोरालाही माहीत असतो. त्या आकड्यावरून माणसे सामान माळ्यावर चढवतात, जनावरे सोडवतात. त्याला कोणाचे भाषण लागत नाही, आणि तो कोणाची भीड धरत नाही.

इमारतीला अशी मोजपट्टी लावता येणार नाही का? येते. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने १०० किलोवॅट किंवा त्याहून अधिक जोडभार असलेल्या कचेऱ्यांसाठी २००९ पासून तशी रीत घातली आहे. वर्षभरात खरोखर जळालेल्या विजेचे युनिट घ्यायचे आणि इमारतीच्या चौरस मीटरांनी भागायचे. समजा, दोन हजार चौरस मीटरच्या कचेरीने वर्षात एक लाख साठ हजार युनिट वापरले, तर उत्तर ८० येईल. पुढच्या वर्षी ते ७० आले तर शाबास. ९५ आले तर कारण सांगा. चौथीच्या मुलाला जमेल असा हा भागाकार आहे. ‘गृह’च्या ताऱ्यांचीही मुदत पाच वर्षांची असते. म्हणजे परीक्षा घेणाऱ्यांनाही एकदा पास झालेला मुलगा जन्मभर पास राहतो, असे वाटत नाही. त्या पाच वर्षांनंतर पुन्हा परीक्षेला बसवण्याची आठवण मात्र पालकाने, म्हणजे तुम्ही-आम्ही, ठेवली पाहिजे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. नगरपालिकेच्या दारावर पितळी पाटी खुशाल असू द्या. तिच्या शेजारी शाळेतल्यासारखा एक काळा फळा टांगा. त्यावर दरवर्षी खडूने चार आकडे लिहा: यंदा किती वीज लागली, किती पाणी लागले, पावसाचे किती साठवले, सौर तक्त्यांनी किती दिली. शेजारी गेल्या वर्षीचे आकडे. आणि खाली त्या माणसाचे नाव, ज्याने वर्षभर तक्ते पुसले आणि नळ साफ ठेवला. कर भरायला आलेला माणूस रांगेत उभा राहून ते वाचेल, आणि सांगलीत जसे ‘किती फूट?’ विचारतात, तसे तो ‘यंदा किती?’ म्हणून विचारू लागेल.

त्या कचेरीत जन्मतारखेचे काम झाल्यावर मी निघालो, तेव्हा तो शिपाई स्टुलावर चढून खिडकीवरचा एक कागद सोलून काढत होता. “तुम्ही विचारलंत म्हणून बघतोय, गुरुजी,” तो म्हणाला, “उघडते का ते.” खिडकी वाकडी होती, पण वीतभर उघडली. वारा आत आला, टेबलावरचे कागद उडाले आणि कारकून ओरडला. शिपायाने खाली उतरून भिंतीवरचे बटन दाबले आणि त्या कोपऱ्यातला दिवा घालवला. लख्ख दिसत होते.