सिद्धगडचा लढा

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या सिद्धगडाच्या जंगलात २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे झालेली सशस्त्र चकमक. ‘छोडो भारत’ आंदोलनात भूमिगत झालेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल (१९१२–१९४३) आणि मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील यांना या चकमकीत वीरमरण आले.

माथेरानच्या नाभिक कुटुंबात जन्मलेले कोतवाल वकील होते. सावकारी पाशातील शेतकरी व आदिवासींसाठी त्यांनी धान्यकोठ्या उभारल्या होत्या. त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या भूमिगत तुकडीला लोकांनी आसरा दिला, त्यामागे ही कमाई होती. दस्त्याने विजेचे मनोरे पाडून मुंबईचा वीजपुरवठा खंडित केला. अखेर पोलीस अधिकारी हॉल याच्या तुकडीने दस्त्याचा तळ वेढला. जखमी कोतवालांना हॉलने जवळून गोळी घातली, असे या भागात सांगितले जाते. तसे असेल तर ती चकमक नव्हे, हत्या ठरते.

वाद साधनांचाही आहे. महात्मा गांधींनी १९४४ मध्ये सुटकेनंतर घातपाताला हिंसा ठरवले. मनुष्यहानी टाळून केलेला घातपात अहिंसेत बसतो, असे अनेक भूमिगत कार्यकर्ते मानत. कोतवालांचे कार्यक्षेत्र मुख्यतः तत्कालीन कुलाबा जिल्ह्यात आणि बलिदानस्थळ ठाण्यात, त्यामुळे या लढ्याचा वारसा दोन्ही जिल्हे सांगतात. सिद्धगडावर दरवर्षी २ जानेवारीला मानवंदना दिली जाते. दादरच्या उद्यानालाही कोतवालांचे नाव आहे. हिराजींचे नाव मात्र या दोन जिल्ह्यांबाहेर फारसे पोहोचले नाही, हा अन्याय आहे.