घर्षण आणि भूकंपाचे वेळापत्रक

४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत जमीन हादरली. केंद्र होते शेजारच्या तेलंगणातील मुलुगू जिल्ह्यात, तीव्रता ५.३. गोदावरीच्या याच खोऱ्यात १३ एप्रिल १९६९ रोजी भद्राचलमजवळ ५.७ तीव्रतेचा भूकंप झाला होता. मध्ये पंचावन्न वर्षे गेली. मग पुढचा धक्का २०७९ साली येईल का? वर्गात हा प्रश्न आला, तर त्याचे उत्तर घर्षणाच्या इतिहासात शोधावे लागते.

घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते, हे आमोंतों या फ्रेंच संशोधकाने १६९९ मध्ये मांडले. १७८५ मध्ये कुलोम यांनी दाखवले, की लाकडाचे दोन पृष्ठभाग जितका जास्त वेळ टेकून राहतील, तितके ते हलवणे जड जाते. या निरीक्षणाचा भूकंपाशी संबंध असेल, असे तेव्हा कोणाच्या मनातही नव्हते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या १९०६ च्या भूकंपानंतर रीड यांनी १९१० मध्ये सांगितले, की प्रस्तरभंगालगतचा खडक ताणलेल्या रबरासारखा वाकत जातो आणि अखेर झटक्याने सरळ होतो. पण तोवर त्याला अडवून कोण धरते? १९६६ मध्ये ब्रेस आणि बायर्ली यांनी प्रयोगशाळेत दाबाखाली खडक घासून पाहिले. ते सरळ न घसरता अडकत आणि निसटत होते. पुढे १९७० च्या दशकात डीटरिख यांना आढळले, की खडकांचे घर्षणही टेकून राहण्याच्या काळावर आणि घसरण्याच्या वेगावर अवलंबून असते. कुलोम यांचे निरीक्षण असे परत आले.

एका विटेला रबर बांधून ती टेबलावर सावकाश ओढून पाहू. वीट धक्क्याधक्क्याने सरकते, आणि दोन धक्क्यांमधले अंतर सारखे नसते. एकाच विटेची ही कथा. प्राणहिता-गोदावरीचे खोरे तर अनेक जुन्या प्रस्तरभंगांमध्ये खचून तयार झाले. चंद्रपूरचा कोळसा आणि सिरोंचाचे डायनोसॉरचे जीवाश्म तिथल्याच गाळाच्या खडकांतले. भूपट्टाच्या आतल्या भागात ताण अतिशय सावकाश साठतो. शिवाय एका खोऱ्यातले दोन धक्के एकाच प्रस्तरभंगाचे असतीलच असे नाही. त्यामुळे दोन तारखांची वजाबाकी म्हणजे भूकंपाचे चक्र नव्हे.

म्हणून विद्यार्थ्यांना तारीख सांगता येणार नाही. धक्का पुन्हा बसू शकतो, आणि शाळेच्या भिंती तो सोसतील अशा बांधायला हव्यात, एवढे मात्र खात्रीने सांगता येते.