एका सर्व्हरवर अनेक वाचनालये : सुरुवातीच्या स्क्रिप्टची व्यवस्था

कडोली परिसरातील गावोगावच्या वाचनालयांना प्रत्येकी वेगळा सर्व्हर घेणे परवडणारे नाही. एकाच यंत्रावर सर्वांची सोय होऊ शकते. पण वीज जाऊन आल्यावर प्रत्येक वाचनालयाची प्रणाली आपोआप उभी राहिली पाहिजे. नाहीतर एका गावात देवघेव सुरू आणि दुसऱ्या गावात सभासद ताटकळत, असे होते. हे पान त्या जोडणीसाठी आहे.

ग्रंथालयांसाठीची मुक्त प्रणाली 'कोहा' न्यूझीलंडमध्ये तयार झाली आणि २००० च्या जानेवारीत तिथे वापरात आली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. डेबियनवर तिचे अनेक इन्स्टन्स, म्हणजे स्वतंत्र चालत्या प्रती, शेजारी-शेजारी ठेवता येतात. समजा कडोली, जाफरवाडी, हंदिगनूर आणि काकती अशी नावे दिली. 'कोहा-क्रिएट' ही आज्ञा प्रत्येकासाठी वेगळा डेटाबेस, वेगळा लिनक्स वापरकर्ता आणि सेटिंगचे वेगळे फोल्डर करते. सुरू करणारी सेवा मात्र एकच, 'कोहा-कॉमन'. चालू ठेवलेल्या इन्स्टन्सची यादी घेऊन ती एकेकाला उठवते. नवे गाव आले तरी तिला हात लावावा लागत नाही.

आम्हाला हीच पद्धत योग्य वाटते. जुन्या सवयीने बरेच जण पहिल्या गावाची स्क्रिप्ट कॉपी करून तिच्यात नाव बदलतात. अशा कॉपीत पीआयडी फाइलचा मार्ग बदलायचा राहिला, की काकती बंद करायला जावे आणि कडोली बंद पडावी. पोर्ट बदलायचा राहिला तर दुसरा इन्स्टन्स उठतच नाही. शिवाय चार कॉप्या झाल्या की एक दुरुस्ती चार ठिकाणी करावी लागते, आणि ती करणारा मुलगा तोवर नोकरीला पुण्याला गेलेला असतो.

मंडळाची स्वतःची एखादी सेवा असेल तर सिस्टिमडीची साचा-फाइल वापरावी. फाइलच्या नावात 'ॲट'चे चिन्ह ठेवले की त्यापुढे लिहिलेले गावाचे नाव टक्का-आय या खुणेच्या जागी बसते. पोर्ट, फोल्डर, डेटाबेसचे नाव असे जे वेगळे आहे, तेवढेच गावाच्या छोट्या फाइलीत लिहावे. साचा एकच राहतो.

'स्टार्ट' आणि 'एनेबल' यांत गल्लत करू नये. स्टार्ट म्हणजे आत्ता सुरू कर. एनेबल म्हणजे यंत्र चालू होताना दरवेळी सुरू कर. फक्त स्टार्ट केलेली सेवा महिनोन् महिने व्यवस्थित चालते आणि पहिल्या वीजखंडानंतर गायब होते.

डेटाबेस आधी, बाकीचे मागून, हा क्रम 'आफ्टर' या ओळीने ठरतो. ती ओळ फक्त क्रम लावते, डेटाबेसला बोलावून आणत नाही. त्यासाठी 'वॉन्ट्स' किंवा 'रिक्वायर्स' हवे. सेवा पडल्यास पुन्हा उठावी म्हणून 'रीस्टार्ट'ची ओळ घालतात. पण दोन प्रयत्नांमधले मूळ अंतर अवघे १०० मिलिसेकंद असते, आणि १० सेकंदांत ५ प्रयत्न फसले की सिस्टिमडी नाद सोडते. डेटाबेस जागा होण्याआधीच पाचही प्रयत्न संपू शकतात. अंतर १५ सेकंद केले की ही मर्यादा आड येत नाही.

'कोहा-कॉमन'ची एक उणीवही सांगितली पाहिजे. ती सेवा सुरू दिसते, याचा अर्थ चारही गावे सुरू आहेत असा नाही; एखाद्याचा शोधाचा भाग, म्हणजे झेब्रा, बंद असू शकतो. त्यामुळे 'कोहा-झेब्रा'ला स्टेटस विचारताना गावाचे नाव द्यावे आणि प्रत्येक गावासाठी वेगळे विचारावे.

खरी परीक्षा रीबूटची. रविवारी वाचनालये बंद असताना यंत्र रीबूट करावे, कशालाही हात लावू नये आणि पाच मिनिटांनी प्रत्येक गावाच्या कॅटलॉगमध्ये एकेक पुस्तक शोधून पाहावे. त्याआधी बायोसमध्ये वीज परतल्यावर यंत्र आपोआप चालू होण्याची सोय लावलेली आहे का, तेही बघावे. ती नसेल तर बटण दाबायला कोणीतरी जाईपर्यंत वरचे काहीच उपयोगी पडत नाही.