टूसॉनचा मठ आणि स्थैर्याची शपथ

वाळवंटातले मठ म्हटले की आठवतो इजिप्त. तिसऱ्या-चौथ्या शतकांत संत अँथनीसारखे अनेक जण गावे सोडून तिथल्या वाळूत राहायला गेले. संत बेनेडिक्ट इटलीतला, सहाव्या शतकातला. त्याने मठवासीयांसाठी ७३ प्रकरणांची नियमावली लिहिली आणि शेवटच्या प्रकरणात त्या वाळवंटी पूर्वजांकडेच बोट दाखवले. त्या नियमावलीतले मला सगळ्यात अवघड वाटते ते ५८वे प्रकरण. संन्यास म्हटला की आपण ब्रह्मचर्य, अपरिग्रह गृहीत धरतो. इथे शपथ आहे ती स्थैर्याची. आलात, आता इथेच.

ही शपथ घेतलेल्या भगिनी अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन शहरात, सोनोरन वाळवंटात, ८० वर्षांहून अधिक काळ राहिल्या. आणि मग गेल्या.

मुळात त्या आल्याही होत्या लांबून. १८७४ साली स्वित्झर्लंडमधल्या मारिया-रिकेनबाख मठातून पाच तरुण भगिनी अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात आल्या. स्थलांतरित जर्मन कुटुंबांतल्या मुलांना शिकवणे हे काम. पण त्यांचा ओढा होता पवित्र साक्रामेंताच्या अखंड आराधनेकडे. कुणीतरी सतत वेदीसमोर हवे, पाळी संपली की दुसरीने जागा घ्यायची. आपल्याकडच्या सप्ताहात वीणेचा पहारा असतो, तसेच. फक्त इथे सातवा दिवस उजाडत नाही. क्लाइड गावी त्यांचा मुख्य मठ झाला. १९१०पासून तिथे मिस्सेसाठी लागणारी ओस्ती भाजली जाऊ लागली, आजही भाजली जाते.

तिथूनच १९३५ साली काही जणी टूसॉनला आल्या. बिशप डॅनियल गर्क तेव्हा तिथले धर्मप्रमुख होते. १९४०मध्ये कंट्री क्लब रोडवर मठ उभा राहिला. वास्तुविशारद रॉय प्लेस. शहरातले घुमटाचे पिमा काउंटी कोर्टही त्यांचेच. स्पॅनिश धाटणीच्या कमानी, वर घुमट, आवारात संत्र्या-लिंबांची झाडे. नियमावलीच्या ६६व्या प्रकरणात म्हटले आहे की पाणी, गिरणी, बाग हे सगळे शक्यतो मठाच्या आतच असावे, म्हणजे बाहेर भटकावे लागणार नाही. वाळवंटात यातले पहिलेच कलम जड जाणारे. पण टूसॉन शहरच मुळात पाणी उपसून हिरवे झालेले. मठ त्याला अपवाद नव्हता.

पोटासाठी भगिनी धर्मगुरूंची मिस्सेची वस्त्रे शिवत, एक नियतकालिक काढत, आणि पुढे त्यांनी चक्क पॉपकॉर्न विकले. मला हा भाग फार आवडतो. हाताला काम हवे हा बेनेडिक्टचाच आग्रह. कोणते, ते काळ ठरवतो.

काळाने बाकीचेही ठरवले. नव्या मुली येईनात, असलेल्या म्हाताऱ्या झाल्या, इमारतही. २०१७मध्ये मठ विकायचा निर्णय जाहीर झाला आणि २०१८च्या सुरुवातीला भगिनी क्लाइडला परतल्या. शपथ मोडली का? मला तसे वाटत नाही. त्यांचे स्थैर्य भिंतींशी नव्हे, एकमेकींशी बांधलेले होते. सगळ्या मिळून गेल्या. तरी ज्या शेजाऱ्यांनी आयुष्यभर त्या चॅपेलमध्ये प्रार्थना केली, त्यांची समजूत या युक्तिवादाने पटली असेल, असेही वाटत नाही. त्यांच्या दृष्टीने भगिनी गेल्या, बस्स.

जागा घेतलेल्या बिल्डरला आवारात अपार्टमेंट बांधायची होती. बांधकाम सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून त्याने रिकामा मठ कॅथलिक कम्युनिटी सर्व्हिसेस या संस्थेला वापरायला दिला. जानेवारी २०१९पासून तिथे खाटा पडल्या. मेक्सिकोची सीमा ओलांडून आश्रय मागणारी, मुख्यतः ग्वाटेमाला आणि आसपासच्या देशांतली कुटुंबे सरकारी कोठडीतून सुटून तिथे येत. अंघोळ, जेवण, कपडे, नातेवाइकांना फोन, आणि एकदोन दिवसांत पुढची बस. अशी हजारो माणसे त्या दारातून गेली. पाहुण्याला प्रत्यक्ष ख्रिस्त समजून घरात घ्या, त्यातही गरिबांना आणि वाटसरूंना जास्त जपा, असे ५३वे प्रकरण सांगते. ते पाळले जात होते तेव्हा मठात एकही भगिनी उरली नव्हती.

ऑगस्ट २०१९मध्ये कुटुंबांना जागा सोडावी लागली. काउंटीच्या बालगुन्हेगार कोठडीचा एक भाग वापरात नव्हता, तिथे निवारा हलवला. कोठडीतून सुटलेल्यांना पुन्हा कोठडीच्या इमारतीत का, यावर शहरात बराच वाद झाला. आतल्या दारांची कुलपे काढली, भिंती रंगवल्या. मठाला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाल्याने तो पाडला गेला नाही. त्याच्या भोवती आता अपार्टमेंट आहेत.